स्वस्त काउंटीतला महाग संसार

अमेरिकेत राहायला स्वस्त राज्ये कोणती, याच्या याद्या दर वर्षी निघतात. मिसिसिपी, आर्कान्सा, अलाबामा ही दक्षिणेकडची राज्ये त्यांत हमखास वर असतात. या याद्या काही खोट्या नाहीत. अमेरिकी सरकार राज्याराज्यांतल्या किमतींची तुलना करते. देशाची सरासरी 100 धरली, तर या राज्यांचा आकडा 90 च्या आसपास किंवा त्याखाली येतो. कॅलिफोर्नियाचा 110 च्या वर जातो. घरभाडे कमी, जमीन कमी भावात, मालमत्ता कर तर नावालाच. असे असताना तिथल्या खेड्यांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या गरीब का राहतात? आणि ही स्वस्ताई नेमकी कुणाला परवडते?

राज्याच्या सरासरीत याचे उत्तर सापडत नाही, कारण त्या सरासरीत शहरे मिसळलेली असतात. म्हणून एकच काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा एक भाग, घेऊ: अलाबामातली लाउंड्स.

राज्याची राजधानी मॉन्टगोमेरी आणि सेल्मा या दोन शहरांच्या मध्ये ही काउंटी पसरली आहे. 1965 च्या मार्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली मतदानाच्या हक्कासाठी निघालेला मोर्चा महामार्ग 80 वरून चालत गेला, तेव्हा वाटेतला बराच मोठा टप्पा याच काउंटीतून गेला. क्षेत्रफळ साधारण 1,880 चौरस किलोमीटर; 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या भरली अवघी 10,311. म्हणजे चौरस किलोमीटरला पाच-सहा माणसे. दर दहांतले सात जण कृष्णवर्णीय. मोर्चाच्या वर्षी हे प्रमाण दहांत आठ होते, तरी वर्षाच्या सुरुवातीला मतदार यादीत एकही कृष्णवर्णीय नाव नव्हते. ज्यांनी धीर करून नाव नोंदवले, त्यांतल्या बटईने शेती करणाऱ्या कित्येक कुटुंबांना गोऱ्या जमीनमालकांनी घराबाहेर काढले. ती कुटुंबे महामार्गाच्या कडेला तंबू ठोकून राहिली. घर, जमीन आणि मत ही तिन्ही इथे एकाच मालकाच्या मर्जीवर अवलंबून होती, हे पुढचा हिशोब वाचताना ध्यानात ठेवावे लागेल.

आता उत्पन्न. लाउंड्समधल्या मध्यम कुटुंबाचे, म्हणजे निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी ज्याच्या खाली येतात त्या कुटुंबाचे, वार्षिक उत्पन्न तीस ते चाळीस हजार डॉलरच्या दरम्यान आहे. देशभराचा हाच आकडा 2023 मध्ये 80,610 डॉलर होता. किमती दहा-बारा टक्क्यांनी कमी आणि उत्पन्न निम्म्याहून कमी, इतक्या साध्या तुलनेतच स्वस्ताईचा बराचसा दावा गळून पडतो. पण मला त्याच्याही खाली, किमान वेतनावर जगणाऱ्या घरापर्यंत जायचे आहे.

अलाबामा राज्याचा स्वतःचा किमान वेतन कायदाच नाही. तिथे केंद्राचा दर लागू होतो. तो तासाला 7.25 डॉलर आहे आणि जुलै 2009 पासून त्यात एका सेंटचीही वाढ झालेली नाही. तेवढ्या काळात देशातल्या किमती जवळपास दीडपट झाल्या. बर्मिंगहॅम शहराने आपल्या हद्दीत हा दर 10.10 डॉलर करायचे ठरवले, तर 2016 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून शहरांचा तो अधिकारच काढून घेतला. आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, एकही खाडा न करता काम केले तर 7.25 च्या दराने हातात येतात 15,080 डॉलर. 2025 साली एकट्या माणसासाठीची दारिद्र्यरेषा होती 15,650 डॉलर. म्हणजे वर्षभर पूर्णवेळ राबणारा एकटा माणूससुद्धा सरकारच्याच रेषेखाली राहतो. पदरी दोन मुले असतील तर तीन माणसांच्या घराची रेषा 26,650 डॉलरवर जाते.

मराठी वाचक इथे मनातल्या मनात गुणाकार करतो आणि पंधरा हजार डॉलर म्हणजे बारा-तेरा लाख रुपये, मग रडगाणे कशाचे, असे त्याला वाटते. तो गुणाकार चलनबाजाराचा आहे, वाणसामानाचा नाही. दोन देशांतल्या किमतींचा फरक धरून काढलेल्या दराने एक डॉलर साधारण वीस-बावीस रुपयांचे काम करतो. त्या हिशोबाने हे उत्पन्न वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास बसते, आणि त्यात मोटार बाळगणे सक्तीचे आहे.

ही दारिद्र्यरेषा आली कुठून, तेही पाहू. 1963 च्या सुमारास सामाजिक सुरक्षा खात्यातल्या मॉली ऑर्शान्स्की या अर्थतज्ज्ञ बाईंनी ती आखली. 1955 च्या एका सरकारी पाहणीत आढळले होते, की तीन किंवा अधिक माणसांचे कुटुंब आपल्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा खाण्यावर खर्च करते. बाईंनी सर्वांत काटकसरीच्या आहाराची किंमत काढली आणि तिला तीनने गुणले. तीच रेषा महागाईनुसार वर सरकवत आजवर वापरली जाते, आणि हवाई-अलास्का सोडल्यास साऱ्या देशाला एकच. मॅनहॅटनलाही तीच, लाउंड्सलाही तीच. त्यात फूड स्टॅम्पची, म्हणजे गरिबांना खाण्यासाठी मिळणारी सरकारी मदत मोजली जात नाही, कर परताव्याचे पैसेही नाहीत.

यावर रास्त आक्षेप घेतले गेले आणि 2011 पासून जनगणना खाते दुसरी, पूरक मोजणीही प्रसिद्ध करते. तीत सरकारी मदत उत्पन्नात धरतात, औषधपाणी आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च वजा करतात, आणि रेषा त्या त्या भागातल्या घरभाड्याप्रमाणे वरखाली करतात. या मोजणीत कॅलिफोर्नियाची गरिबी वाढते आणि दक्षिणेतल्या खेड्यांची घटते. दक्षिणेतली गरिबी फुगवून सांगितली जाते, असे म्हणणारे याच आकड्यांवर बोट ठेवतात. त्यांचे म्हणणे उडवून लावता येत नाही. मदतीचे पैसे खरेच घरात येतात. ते न मोजणे हा खोटा हिशोब होईल.

तेव्हा ते मोजूनच एक संसार मांडू. घर काल्पनिक आहे, दर खरे आहेत. एक बाई, दोन शाळकरी मुले, किमान वेतनाची पूर्णवेळ नोकरी. महिन्याला 1,257 डॉलर. सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) यांची कपात वजा जाता 1,160. फूड स्टॅम्पचे पाचशे-सहाशे डॉलर मिळतील, पण ते फक्त खाण्याच्या जिनसांवर चालतात. साबण, डायपर, औषध त्यात बसत नाही. कमावत्या गरिबांसाठीची करसवलत आणि मुलांसाठीची सवलत मिळून वर्षाला 7,900 डॉलरच्या आसपास परत येतात. ही रक्कम मोठी आहे, निम्म्या पगाराएवढी. मात्र ती येते वर्षातून एकदा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, एकरकमी. तोवर बाकी साचलेली असते: विजेचे थकलेले बिल, गाडीच्या कागदांवर काढलेले कर्ज, बहिणीकडून घेतलेली उसनवारी. मार्चमध्ये आलेला पैसा मागच्या ऑक्टोबरचे खड्डे भरण्यात जातो. वर्षाची बेरीज बरी दिसते, पण संसार महिन्यामहिन्याने चालवावा लागतो.

कामाची जागा मॉन्टगोमेरीत असेल तर काउंटीच्या मुख्य गावापासून, हेन्व्हिलपासून, एका बाजूने चाळीसेक किलोमीटर. बस नाही. जाऊन-येऊन दोन गॅलन पेट्रोल, गॅलनला तीन डॉलर धरले तर रोजचे सहा डॉलर. दिवसाच्या आठ तासांतला जवळजवळ एक तास ही बाई फक्त पेट्रोलसाठी राबते. विमा, टायर, गाडीचा हप्ता वेगळा. गाडी बंद पडली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की करसवलतही आटते, कारण ती कमाईवरच मिळते.

घर परवडते की नाही हे ठरवायला अमेरिकेत तीस टक्क्यांचा नियम वापरतात. 1969 मध्ये मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीने सरकारी घरांतल्या भाडेकरूंचे भाडे उत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांवर रोखले. 1981 मध्ये ती मर्यादा तीस झाली. गरिबांना संरक्षण म्हणून आलेली ही मर्यादा पुढे सरसकट मोजपट्टी होऊन बसली. घरखर्च उत्पन्नाच्या तीस टक्क्यांच्या आत असला, की ते घर परवडणारे. आता महिना 6,700 डॉलर मिळवणाऱ्या घराने तीस टक्के दिले तर हातात 4,700 उरतात. 1,257 मिळवणाऱ्या बाईने तीस टक्के दिले तर 880 उरतात, कपातीआधीचे. टक्का एकच, पण एका घरात बाकीचा संसार निभतो आणि दुसऱ्यात निभत नाही. मायकेल स्टोन या अभ्यासकाने 1990 च्या दशकात हाच मुद्दा लावून धरला होता: घरासाठी किती टक्के गेले हे पाहू नका, घराचे देऊन झाल्यावर उरलेल्यात बाकीच्या गरजा भागतात का ते पाहा. मला ही कसोटी खरी वाटते. खालच्या उत्पन्नाला टक्केवारी लावणे म्हणजे बाकीच्या गरजा उत्पन्नाबरोबर आपोआप लहान होतात असे मानणे. दोन मुलांची भूक आईच्या पगाराच्या प्रमाणात कमी होत नाही.

इथपर्यंतचा हिशोब दक्षिणेतल्या कोणत्याही गरीब काउंटीला लागू पडेल. लाउंड्सची खरी गोष्ट जमिनीखाली आहे.

अलाबामाच्या मध्यातून आडवा जाणारा हा प्रदेश ब्लॅक बेल्ट म्हणून ओळखला जातो. नाव मुळात काळ्या मातीवरून पडले. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या चुनखडीच्या थरावर ही चिकण माती तयार झाली. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या वाचकाला तिचा स्वभाव सांगायला नको. पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आपली काळी माती बेसॉल्टची आणि त्यांची चुनखडीवरची, पण दोन्हींतल्या चिकणमातीचे घटक एकाच जातीचे. पीकही एकच. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865 या वर्षांत, दक्षिणेचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला, तेव्हाच वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि पेढ्या बुडाल्या. ज्या मातीतला कापूस तेव्हा अडला होता, ती हीच.

या मातीत पाणी जिरत नाही. लाउंड्समधल्या बहुसंख्य घरांना गटाराची सार्वजनिक जोडणी नाही. घरटी आपापली सोय करायची. सेप्टिक टँक बांधण्याआधी तिथे जमिनीची चाचणी घेतात. खड्डा खणायचा, पाणी भरायचे, ओल पुरेशी मुरली की पुन्हा भरायचे आणि घड्याळ लावून इंचभर पाणी उतरायला किती मिनिटे लागतात ते मोजायचे. वाळूमिश्रित जमिनीत काही मिनिटांत काम होते. इथे खड्ड्यातले पाणी ढिम्म हलत नाही. साधी टाकी आणि शोषचर अशा जागी निकामी ठरतात. पावसाळी दिवसांत मैला उलटा फिरतो आणि न्हाणीघरातल्या मोरीतून वर येतो. मग उपाय उरतो तो बाहेरून वाळू आणून उंच भराव घालायचा आणि पंपाने सांडपाणी त्यावर चढवायचे. त्याचा खर्च पंधरा हजारांपासून तीस हजार डॉलरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त. पंपाची वीज आणि दुरुस्ती पुढे कायमची.

वीस हजार डॉलर म्हणजे आपल्या हिशोबातल्या बाईची सोळा महिन्यांची पूर्ण मजुरी. ते कुठून आणणार? म्हणून अनेक घरांच्या मागे एक पीव्हीसी पाइप दिसतो. संडासाच्या भांड्यापासून निघून तो दहा-पंधरा मीटरवर, झाडीच्या कडेला किंवा ओघळीत उघडा सोडलेला असतो. पाइपाच्या तोंडाशी गवत गर्द हिरवे, त्याभोवती राखी रंगाचे डबके, आणि डबक्यापलीकडे मुलांची खेळायची जागा. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातले हे दृश्य आहे. संयुक्त राष्ट्रांचे दारिद्र्यविषयक विशेष प्रतिनिधी फिलिप ऑल्स्टन 2017 च्या डिसेंबरमध्ये अलाबामाच्या या भागात येऊन असली घरे पाहून गेले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लाउंड्समधल्या 55 जणांच्या विष्ठेची तपासणी झाली आणि 19 नमुन्यांत अंकुशकृमीचा अंश सापडला. नमुना लहान होता, त्यावरून साऱ्या काउंटीची टक्केवारी काढणे बरोबर नाही. पण जो आजार अमेरिकेतून केव्हाच गेला असे मानले जात होते, त्याचे नाव पुन्हा घ्यावे लागले.

आणि हे सगळे बेकायदा होते. बेकायदा म्हणजे सांडपाण्याची सोय नसणे हा त्या घरमालकाचा गुन्हा. 2000 च्या आसपास लोकांना नोटिसा गेल्या, खटले भरले गेले, काहींना अटकही झाली. लाउंड्समध्येच वाढलेल्या कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांनी हे प्रकरण देशापुढे आणले. 2020 मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. ज्याला वीस हजारांची यंत्रणा परवडत नाही त्याला दंड करणे, हा परवडण्याच्या प्रश्नाला शिक्षेने दिलेला प्रतिसाद होता. इतका निर्दय हिशोब दुसऱ्या कुठल्या खात्यात मांडला जात असेल असे मला वाटत नाही.

आता पुन्हा त्या पूरक दारिद्र्यमोजणीकडे वळू. भाडे कमी म्हणून तीत खेड्यांसाठी रेषा खाली आणली जाते. तुलना समान दर्जाच्या घरांची व्हावी म्हणून स्वयंपाकघर आणि नळजोडणी पूर्ण असलेली दोन शयनखोल्यांची घरेच धरतात. तत्त्व चांगले आहे. पण नळजोडणी पूर्ण आहे हे ठरवतात कसे? जनगणना खात्याच्या सर्वेक्षणात गरम-गार पाण्याचा नळ आहे का, टब किंवा शॉवर आहे का, एवढेच विचारतात. फ्लशच्या संडासाचा प्रश्न 2016 पासून वगळला. आणि सांडपाणी कुठे जाते हा प्रश्न दशवार्षिक जनगणनेने शेवटचा विचारला तो 1990 साली. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ काउंटीवार माहिती देणारे एकही राष्ट्रीय कोष्टक त्याबद्दल बोलत नव्हते. 2022 मध्ये हा प्रश्न परत आणण्याची चाचणी झाली. म्हणजे ज्या घराचा मैला झाडीत उघडा पडतो, तेसुद्धा सरकारी कोष्टकात सर्व सोयींनी युक्त घर. त्याचे कमी भाडे स्वस्ताईच्या सरासरीत शिरते, ती सरासरी दारिद्र्यरेषा खाली ओढते, आणि तेच कुटुंब कागदावर गरिबीतून बाहेर पडू शकते. सोय नाही म्हणून भाडे कमी आणि भाडे कमी म्हणून गरिबी कमी, असा तो फेरा आहे.

घरांचेही तेच. इथे पुष्कळ कुटुंबे मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेल्या लांबोळक्या घरांत राहतात. विकत घ्यायला ती पक्क्या घराहून कितीतरी स्वस्त. पण त्यांच्यावरचे कर्ज बहुधा गृहकर्ज नसते; गाडीसारख्या जंगम वस्तूवर मिळते तसे असते. व्याज जास्त, मुदत कमी, आणि घराची किंमत वर्षागणिक घटते. 1976 आधीच्या घरांना तर बांधणीचा राष्ट्रीय निकषही नव्हता. पातळ भिंतींतून उन्हाळ्याचा उकाडा आत येतो, थंडीतली ऊब बाहेर जाते, आणि अलाबामाची घरगुती वीजबिले देशातल्या सर्वांत जड बिलांमध्ये मोडतात.

जमीन तारण ठेवून साधे कर्ज काढावे, तर तीही वाट अनेकांना बंद आहे. आजोबांनी किंवा पणजोबांनी घेतलेली जमीन मृत्युपत्राविना पुढे आली. आज तिच्यावर शिकागो, डेट्रॉइटपर्यंत पांगलेल्या वारसांचा अविभक्त हक्क आहे. सातबाऱ्यावर तीस सामाईक नावे असली की बँक जशी दारात उभी करत नाही, तसेच तिथे घडते. यामागे केवळ हयगय नाही. ज्या न्यायालयांत कृष्णवर्णीयांना न्याय मिळत नव्हता, तिथे मृत्युपत्र नोंदवायला त्यांच्या आजोबांनी का जावे?

आजारपणाचा हिशोब थोडक्यात सांगतो, कारण तो एका आकड्यात मावतो. काउंटीत इस्पितळ नाही. गरिबांसाठीची मेडिकेड योजना ज्या दहा राज्यांनी वाढवली नाही त्यांत अलाबामा आहे. तिथे पालकाला मेडिकेड मिळण्याची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या 18 टक्के. तीन माणसांच्या घरात महिना 400 डॉलर. आपली 1,257 मिळवणारी बाई त्याहून तिपटीने श्रीमंत ठरते. आणि खासगी विम्यावरचे सरकारी अनुदान सुरू होते दारिद्र्यरेषेच्या वर, जिथे ती पोचत नाही. मुलांना विमा मिळतो, आईला नाही.

सोयी का नाहीत याचे उत्तर करांत आहे. अलाबामाची राज्यघटना 1901 साली लिहिली गेली. गोऱ्यांचे वर्चस्व कायद्याने पक्के करणे हा त्या अधिवेशनाचा हेतू होता आणि अधिवेशनाच्या अध्यक्षांनी तो उघड बोलून दाखवला होता. त्या घटनेने मालमत्ता करावर मर्यादा घातल्या. 1978 मध्ये आणखी एक दुरुस्ती आली, तिने शेती आणि जंगलाखालच्या जमिनीची आकारणी बाजारभावाऐवजी चालू वापराप्रमाणे करायची मुभा दिली. ब्लॅक बेल्टमध्ये कापूस गेल्यावर मैलोगणती पाइनची लागवड झाली आहे. तिचा मोठा भाग बाहेरच्या मालकांचा, कर एकरी अगदी किरकोळ. याद्यांत गौरवला जाणारा तो नावापुरता मालमत्ता कर म्हणजे हाच. त्याची भरपाई विक्रीकरातून होते. किराण्यावर राज्याचा 4 टक्के कर होता. 2023 मध्ये तो 3 आणि 2025 मध्ये 2 टक्क्यांवर आला, शिवाय काउंटी आणि गावाचा कर वेगळा. फूड स्टॅम्पच्या खरेदीवर हा कर लागत नाही, हे खरे. पण ते संपल्यावर महिनाअखेरीला रोखीने घेतलेल्या ब्रेडवर लागतो. पाइनच्या मालकाला स्वस्ताई मिळते आणि तिची किंमत दूध-ब्रेड घेणारा मोजतो. काउंटीच्या तिजोरीत गटारे बांधायला पैसा उरत नाही, म्हणून जो खर्च साऱ्यांनी मिळून करायचा तो एकेका घराच्या अंगणात येऊन पडतो.

केंद्राच्या न्याय विभागाने 2021 च्या नोव्हेंबरमध्ये राज्याच्या आणि काउंटीच्या आरोग्य खात्यांची चौकशी सुरू केली. मे 2023 मध्ये करार झाला: घरमालकांवरचे फौजदारी खटले थांबवायचे आणि सांडपाण्याच्या सोयीचा आराखडा करायचा. केंद्रातले सरकार बदलल्यावर, एप्रिल 2025 मध्ये, न्याय विभागानेच तो करार मोडीत काढला. हाती असलेला निधी पुरेल तोवर काम चालू ठेवू, असे राज्याने तेव्हा सांगितले.

मग किती पैसे लागतील, आणि कुणी किती द्यायचे? पर्यावरण खात्याने 1997 पासून सांडपाण्याच्या खर्चासाठी मध्यम उत्पन्नाच्या 2 टक्क्यांची कसोटी वापरली. मध्यम उत्पन्न घेतल्यामुळे खालचे निम्मे लोक तीत दिसतच नव्हते. 2023 च्या नव्या मार्गदर्शनात कमी उत्पन्नाच्या घरांचा विचार आला. तेच 2 टक्के आपल्या बाईच्या 15,080 ला लावले तर वर्षाला 302 डॉलर, महिन्याला 25. फिलाडेल्फियाने 2017 पासून गरीब घरांचे पाणीबिल त्यांच्या उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांवर बांधून दिले आहे. पण तिथे पंधरा लाखांहून अधिक माणसांत तूट वाटली जाते. लाउंड्समध्ये ती वाटायला दहा हजार माणसे, आणि बहुतेक तशीच गरीब.

खेड्यांना न परवडणारी गोष्ट त्यांच्यापर्यंत नेण्याचे काम या देशाने पूर्वी एकदा केले आहे. 1930 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या दहा शेतघरांतल्या जेमतेम एकात वीज होती. एवढ्या विरळ वस्तीत तारा ओढणे खासगी कंपन्यांना परवडत नव्हते. 1935 मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाची यंत्रणा उभी राहिली, तिने सहकारी संस्थांना कर्जे दिली, आणि 1944 च्या कायद्याने त्या कर्जांचे व्याज 2 टक्के आणि मुदत 35 वर्षे ठरवली. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला बहुतेक सगळ्या शेतघरांत दिवे लागले होते. त्याच अटी, 2 टक्के आणि 35 वर्षे, वीस हजारांच्या सांडपाण्याच्या यंत्रणेला लावल्या, तर महिन्याचा हप्ता पडतो 66 डॉलर. त्या घराने 25 द्यावेत. उरलेले 41 डॉलर राज्याने भरावेत, आणि त्यासाठी हात घालायचा तर अलाबामात पहिली जागा पाइनच्या जमिनीवरच्या कराची आहे.